पान एकेचाळीस, मेणाचा डाग

तेक्ला आमच्या विभागात पहिल्यांदा आली ती काखेत चीजचा अख्खा गोळा घेऊन. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वरून सुतळी बांधलेली. प्रोफेसर झानोल्लींच्या टेबलावर, उघड्या पुस्तकांच्या मधोमध तिनं तो ठेवला आणि म्हणाली, "आईनं पाठवलाय. घरचा आहे."

मी मनात म्हटलं, गेली ही कामातून. झानोल्लींसमोर आम्ही खोकतानासुद्धा दहादा विचार करायचो. पण त्यांनी खणातून कागद कापायची सुरी काढली, एक तुकडा कापला, तोंडात टाकला आणि चक्क हसले.

"शेळीचं दूध आहे यात?"

"थोडंसं. आजोबा म्हणतात, त्याशिवाय चव येत नाही."

"छान," झानोल्ली म्हणाले.

छान! सहा वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली घासत होते. सहा वर्षांत मला फार तर "ठीक" मिळालं होतं, तेही दोनदा. आणि ही आत्ता आलेली पोरगी टेबलावर चीज आदळते काय आणि "छान" घेऊन जाते काय! खोटं कशाला बोलू, त्या क्षणापासून ती माझ्या डोळ्यांत सलायला लागली.

माझं नाव ओर्नेल्ला. माझी आई गावातल्या क्लासिकल शाळेत ग्रीक शिकवायची. मी आठ वर्षांची असताना तिनं मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पिठात बोट बुडवून अल्फा काढायला लावला होता. चौदाव्या वर्षी तिच्याच शाळेत गेले, पाच वर्षं ग्रीक-लॅटिनचं भाषांतर करून डोळे फोडून घेतले, मग विद्यापीठ, मग डॉक्टरेट, मग झानोल्लींची पडेल ती कामं. आणि ही तेक्ला? ही डेअरीच्या शाळेतून आलेली. वरच्या डोंगरातली. लोणी कसं काढायचं याचं सर्टिफिकेट होतं तिच्याकडे. ग्रीकचं पहिलं अक्षर तिनं एकोणिसाव्या वर्षी पाहिलं. आणि डॉक्टरेटच्या प्रवेशपरीक्षेत पहिली आली.

"एकोणिसाव्या वर्षी?" रविवारी जेवताना आई म्हणाली. तिनं काटा खाली ठेवला. "मग ती वाचते कशी?"

"बोट ठेवून," मी म्हटलं. ते खोटं होतं. ती माझ्यापेक्षा भराभर वाचायची.

आमचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खेचरांच्या आजारांवर एका ग्रीक माणसानं दीड हजार वर्षांपूर्वी एक ग्रंथ लिहिला. त्यानं स्वतः लिहिलेली प्रत कधीच नष्ट झाली. उरल्या त्या नकला, नकलांच्या नकला, आणि प्रत्येक नकलेत निराळ्या चुका. त्या सगळ्या समोर ठेवून मूळ माणसानं काय लिहिलं असेल ते शोधायचं. त्याचं पुस्तक झानोल्ली तीस वर्षं तयार करत होते. निवृत्तीपूर्वी ते छापायचं होतं आणि त्यांनी एकदा चहाच्या वेळी सांगून टाकलं होतं, "मुखपृष्ठावर माझ्या नावाखाली आणखी एक नाव येईल. कुणाचं, ते काम ठरवेल." विभागात एक कायमची जागाही निघणार होती. ज्याचं नाव पुस्तकावर त्याची ती जागा, हे कुणी बोलत नव्हतं, पण झाडायला येणाऱ्या बाईलासुद्धा ठाऊक होतं.

ते नाव माझं असणार, हे मी धरूनच चालले होते. तेक्ला येईपर्यंत.

झानोल्लींनी तिला डॉक्टरेटसाठी एक अख्खं हस्तलिखित देऊन टाकलं. ज्या हस्तलिखितावर माझा केव्हापासून डोळा होता तेच. सुरेख अक्षर, चुका कमी, फक्त शेवटाकडे एका उताऱ्यात भोकं पडल्यासारख्या मधूनमधून रिकाम्या जागा सोडलेल्या. माझ्या वाट्याला काय होतं? तीन भिकार, उशिराच्या, चुकांनी बरबटलेल्या प्रती. उष्टं-खरकटं.

"प्रोफेसर, त्या प्रतीवर मी..." मी एकदा धीर करून म्हटलं.

"तुझं झालं आहे ना शिकून," ते म्हणाले. "तिला काहीतरी चांगलं लागेल."

दर गुरुवारी तीन वाजता आमची बैठक असे. लांब टेबल, दहा-बाराजण. झानोल्लींचा एक जुना नियम होता: ज्यानं लिहिलं त्यानं स्वतःचं लिखाण वाचायचं नाही. तो गप्प बसणार, आणि टेबलावर जो सगळ्यांत जुना असेल तो मोठ्यानं वाचणार, तळटीपांसकट. "आपलं आपण वाचलं की आवाजानं चुका झाकतो," ते म्हणायचे. "दुसऱ्याला वाचू द्या, सगळं उघडं पडतं." सगळ्यांत जुनी मी. त्यामुळे वाचणारी मीच.

तेक्लाचं पहिलं लिखाण मीच वाचलं. दोन पानं. वाईट नव्हतं, म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला. मग खाली एक टीप सापडली: "ही दुरुस्ती पूर्वी सुचवली गेली आहे." मी थांबले. चष्मा काढला.

"पूर्वी म्हणजे कधी? कुणी सुचवली? तुझ्या आजोबांनी?"

सगळे हसले. तेक्लाचे कान लाल झाले.

"नाव लिहायचं," मी म्हटलं. "तारीख लिहायची. पान लिहायचं. दुसऱ्याला आधी दिसलं असेल तर तिन्ही सांगायचं, एकही गाळायचं नाही. डेअरीत शिकवत नसतील. इथे शिकावं लागेल."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं! बैठक संपल्यावर माझ्यामागे धावत आली. "थँक्यू हं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही नसतात तर मी अशीच चुकत राहिले असते."

आम्ही सगळे विद्यार्थी एकमेकांना अरेतुरे करायचो. ती मात्र मला तुम्ही म्हणायची आणि मीही तिला थांबवलं नाही. म्हणू दे. तेवढंच समाधान.

मग तो खांद्याच्या जखमेचा गुरुवार आला. ग्रंथात एक उतारा होता, ओझ्यानं खेचराचा खांदा सोलवटला तर काय करावं. मी त्याचं भाषांतर केलं होतं, एकेक शब्द तोलून. झानोल्लींनी ऐकलं आणि विचारलं, "पण हा आधी केस कापायला सांगतो आणि मग खोगीर उलटं करून बघायला सांगतो. का?"

मला काय माहीत का? मी बारा शब्दकोश पाहिले होते. खोगीर नव्हतं पाहिलं.

"जखम खांद्यावर दिसते पण दोष खोगिरात असतो," टेबलाच्या टोकाकडून तेक्ला म्हणाली. "आतल्या पेंढ्याची गाठ झालेली असते. आमच्याकडे दोन खेचरं होती. आजोबा नेहमी आधी खोगीर उलटं करायचे, मग खेचराला बघायचे. केस कापले की जखमेचा आकार दिसतो. तो आकार खोगिरात शोधायचा."

झानोल्ली उठले. खिडकीपाशी गेले, परत आले. "तीस वर्षं," ते म्हणाले. "तीस वर्षं मी हे वाक्य वाचतोय. शाब्बास, पोरी."

पोरी! मला ते आडनावानं हाक मारायचे.

घरी जाऊन मी रडले नाही. मी भांडी घासली. एक बशी फुटली.

एवढं होऊन ती वाईट असती तर बरं झालं असतं. तीही सोय नव्हती. फेब्रुवारीत मला ताप आला, तर ही मटणाचं सूप डब्यात घालून तीन जिने चढून आली. पलंगाच्या कडेला बसली, माझ्या पुस्तकांकडे बघत म्हणाली, "आता 'तू' म्हणू का तुम्हाला?"

"म्हण," मी म्हटलं. सूप चांगलं होतं. तेसुद्धा चांगलं होतं!

मार्चमध्ये झानोल्लींनी मला मोंतेरावोला धाडलं. डोंगरातलं जुनं धर्मविद्यालय, त्याचं लहानसं ग्रंथालय. एका लॅटिन शेतीच्या पुस्तकातली दोन पानं पडताळून आणायची. असली किरकोळ कामं माझी. फादर गास्पारे म्हणून एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ तिथे ग्रंथपाल होते. त्यांनी जाडजूड बाड आणून ठेवलं आणि स्टोव्हजवळ जाऊन पेंगायला लागले.

दोन पानांचं काम अर्ध्या तासात झालं. बस चार वाजता. नुसतं बसून काय करायचं म्हणून मी बाड पुढे चाळलं. त्यांच्या यादीत मागच्या भागापुढे फक्त "इतर" असा शब्द होता. ते "इतर" ग्रीकमध्ये होतं. मी दोन ओळी वाचल्या, मग त्याच पुन्हा वाचल्या. खेचरं. आमचा ग्रंथ. कुणालाच माहीत नसलेली, जुनी, फार जुनी प्रत.

आणि पान एकेचाळीसवर मेणाचा डाग. कुणा वाचणाऱ्याची मेणबत्ती कधीकाळी कलंडली असणार. थेंब वरून खाली ओघळत आलेला, आठ ओळींवरून. प्रत्येक ओळीतले दोन-तीन शब्द त्याखाली गडप. कुठले शब्द? तेक्लाच्या हस्तलिखितात जिथे जिथे रिकामी जागा होती, नेमके तेच. पाच महिने ती त्या रिकाम्या जागांचं रडगाणं गात होती, मला त्या तोंडपाठ झाल्या होत्या. तिच्या प्रतीच्या लेखकूनं हीच प्रत पुढ्यात ठेवून नक्कल केली होती. मेणाखालचं दिसलं नाही तिथे बिचाऱ्यानं जागा सोडली.

म्हणजे तिचं सुरेख हस्तलिखित या प्रतीची नक्कल होतं. आमच्या धंद्यात आई हयात असली की लेकीची साक्ष कुणी घेत नाही. नक्कल बाजूला काढतात, तिच्या नावावर रेघ मारतात आणि विसरतात. तेक्लाची डॉक्टरेट एका फुकट गेलेल्या प्रतीवर उभी होती.

मला इतका आनंद झाला की मी फादर गास्पारेंना उठवलं.

"सापडलं का काही?" डोळे चोळत ते म्हणाले.

"हो! म्हणजे... हो."

"मग कागदावर लिहा, बाई. सगळेच लिहितात."

प्रत्येक हस्तलिखिताच्या आतल्या बाजूला एक कागद असतो. कुणी पाहिलं, कधी पाहिलं, कुठलं पान, काही शेरा. आम्ही तो न विचारता भरतो, जेवणाआधी हात धुवावेत तसा. मी लिहिलं: ओर्नेल्ला ब्रागान्तिनी, १२ मार्च १९९२, पान ४१, मेणाचा डाग, आठ ओळी. सही केली.

तोवर माझ्या मनात काही पाप नव्हतं. ते बसमध्ये आलं.

बस वळणं घेत खाली उतरत होती आणि मी विचार करत होते, उद्या झानोल्लींना सांगितलं तर काय होईल? ते म्हणतील, "ठीक." मग तेक्लाकडे वळून म्हणतील, "पोरी, आता तू ही नवी प्रत घे, अजून तुझं काही बिघडलेलं नाही, पाचच तर महिने झालेत." शोध माझा आणि प्रत तिची. पुन्हा मला खरकटं. मी तर ते म्हणताना त्यांचा आवाजसुद्धा ऐकला.

आणि समजा मी थांबले तर? तिला तीन वर्षं घासू दिलं तर? पुस्तक छापायला जायच्या वेळी, जागेचा निर्णय व्हायच्या आठवडाभर आधी, मी मोंतेरावोचं नाव काढलं तर? तेव्हा तिच्या हातात काय राहील? लोण्याचं सर्टिफिकेट.

नुसतं जिंकून माझं पोट भरणार नव्हतं. ती पडलेली मला बघायची होती. हे मी आज स्पष्ट सांगते, कारण तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तेव्हा मी म्हणत होते, अजून नीट खात्री करायला हवी.

दोन वर्षं मी मूग गिळून बसले. तिला शब्द न् शब्द ताडून बघताना पाहणं म्हणजे माझी मेजवानी होती. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेली नाही. मान दुखायची म्हणून गळ्याला लोकरी पट्टा बांधून बसायची. मला विचारायची, "ओर्नेल्ला, तुला काय वाटतं, ह्या रिकाम्या जागा कशाच्या असतील?"

"लेखकू दमला असेल," मी म्हणायचे.

"आठ वेळा? ठरावीक अंतरानं?"

"तू काम कर बाई, काम कर. उत्तर कामातून येतं." असं म्हणून मी कॉफी आणायला जायचे. कॉफीच्या यंत्रापाशी मी स्वतःशी हसायचे सुद्धा. काय सांगू, माणूस किती खालच्या पातळीला जाऊ शकतो ते मला त्या यंत्राच्या चकचकीत पत्र्यात रोज दिसत होतं.

चौऱ्याण्णवचा जून उजाडला. झानोल्लींनी जाहीर केलं, पुढच्या गुरुवारी तेक्लाचं मुख्य प्रकरण वाचायचं, आणि त्यानंतर ते पुस्तकावरच्या नावाचं सांगतील. शेवटचे तीन आठवडे तेक्ला फारशी दिसली नव्हती. दिसली तेव्हा ओढलेली, गप्प. मी म्हटलं, दमली.

आदल्या रविवारी आईनं विचारलं, "त्या डेअरीवालीचं काय झालं?"

"गुरुवारी कळेल," मी म्हटलं आणि दुसऱ्यांदा रिसोत्तो वाढून घेतला.

माझा बेत साधा होता. तिचं प्रकरण मी शेवटपर्यंत वाचणार. ती आपल्या प्रतीची जी काय थोरवी गाईल ती मोठ्यानं, खणखणीत वाचणार. मग कागद खाली ठेवून म्हणणार, "प्रोफेसर, एक छोटीशी शंका आहे. मोंतेरावोला एक बाड आहे."

गुरुवारी जिन्यात तेक्ला भेटली. "या," दार धरून ती म्हणाली, "तुम्ही आधी."

तुम्ही? मला वाटलं, घाबरलीय पोरगी. जुनी सवय वर आली. मला गंमतच वाटली.

सगळे बसले. झानोल्लींनी नेहमीप्रमाणे घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तेक्लानं तिचे कागद माझ्याकडे सरकवले आणि हात मांडीवर घेऊन बसली. मी वाचायला सुरुवात केली. पहिली चार पानं प्रतीचं वर्णन. अक्षर, शाई, कातडं. मी रंगून वाचत होते. पाचव्या पानावर रिकाम्या जागांचा विषय निघाला.

"या रिकाम्या जागा," मी वाचलं, "दर दहा-अकरा शब्दांनंतर येतात. यावरून वाटतं की ज्या प्रतीवरून ही नक्कल झाली तिच्या एका ओळीत दहा-अकरा शब्द असावेत. चौकटीच्या कागदावर दर ओळीत तेवढेच शब्द लिहून पाहिले, तेव्हा सगळ्या रिकाम्या जागा एकाखाली एक आल्या. त्यांचा आकार ओघळलेल्या थेंबासारखा झाला."

मी पान उलटलं. तिनं आकृती काढली होती. आठ ओळी, मध्ये थेंब. मोंतेरावो न पाहता, नुसत्या डोक्यानं, या मुलीनं तो डाग कागदावर काढला होता.

"जखमेचा आकार," झानोल्ली पुटपुटले. "खोगिरात शोधला हिनं. पुढे वाच."

मी पुढे वाचलं. तिनं असा डाग असलेलं हस्तलिखित शोधायला लहान-मोठ्या सत्तेचाळीस ग्रंथालयांना पत्रं लिहिली होती. सेहेचाळीसांचं उत्तर नाही किंवा "असं काही नाही". एकाचं उत्तर आलं. मोंतेरावो.

"त्यामुळे," मी वाचलं, "गेली जवळपास तीन वर्षं मी जिच्यावर काम केलं ती प्रत मोंतेरावोच्या प्रतीची नक्कल आहे आणि ती बाजूला काढावी लागेल. मोंतेरावोच्या प्रतीत, दिवा तिरपा धरला असता, मेणाखालचे शब्द वाचता येतात. ते पुढे दिले आहेत."

टेबलाभोवती गलका झाला. कुणीतरी टाळी वाजवली. झानोल्लींनी हात वर केला. "शांत. ब्रागान्तिनी, तळटीप राहिली. तळटीपांसकट."

मी खाली पाहिलं. टीप क्रमांक एकोणीस. पहिले दोन शब्द माझं नाव होतं.

"काय झालं?" झानोल्ली म्हणाले. "अक्षर लागत नाही?"

टाइप केलेलं होतं. लागत कसं नाही?

"ओर्नेल्ला ब्रागान्तिनी," मी वाचलं, "यांना हे प्रथम दिसलं. मोंतेरावोच्या बाडातल्या वाचकांच्या कागदावर त्यांची नोंद आहे: १२ मार्च १९९२, पान ४१, मेणाचा डाग, आठ ओळी. या शोधाचा मान त्यांचा आहे."

रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

"तारीख पुन्हा वाच," झानोल्ली म्हणाले.

"१२ मार्च."

"साल."

"ब्याण्णव."

त्यांनी टेबलावरचं घड्याळ उचललं आणि खिशात टाकलं. ते नेहमी बैठक संपल्यावर टाकतात. मग तेक्लाच्या गळ्यातल्या लोकरी पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावले असते तर सोसलं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "सव्वादोन वर्षं, ब्रागान्तिनी?"

काय उत्तर देणार? माझ्याच अक्षरातलं उत्तर तिकडे डोंगरात एका कपाटात पडून होतं.

पुस्तकावरचं नाव त्या दिवशी जाहीर झालं नाही. जाहीर करायची गरजच उरली नव्हती. सगळे निघाले. माझ्या शेजारी बसणारा मुलगाही वही आवरून टेबलाला वळसा घालून गेला, माझ्या पाठीमागून जावं लागू नये म्हणून.

मी तेक्लाला बाहेरच्या ओसरीत गाठलं. ती खांबाला टेकून उभी होती. रडत होती. मला तर संतापच आला. ही का रडते?

"सूड घेतलास ना?" मी म्हटलं. "माझ्या तोंडून वदवलंस! माझ्याच तोंडून!"

"सूड?" तिनं नाक पुसलं. "वाचणार तुम्ही होतात, त्याला मी काय करू? तो नियम काय मी केलाय?"

"एकटीला येऊन विचारायचं होतंस. दोन थोबाडीत मारायच्या होत्यास. हे काय? मान त्यांचा आहे म्हणे!"

"पंधरा दिवस ती टीप लिहीत होते," ती म्हणाली. "आधी तुमचं नाव गाळलं. मग ते खोटं झालं, कारण तुम्हाला आधी दिसलं होतं. मग नाव लिहून तारीख गाळली. तेही खोटंच झालं. तुम्हीच शिकवलंत ना मला? पहिल्याच महिन्यात. नाव, तारीख, पान. एकही गाळायचं नाही." तिनं पिशवीतून ती जुनी वही अर्धी बाहेर काढली आणि परत आत ढकलली. "मला वाटत होतं, मी तुम्हाला आवडते. मी सूप घेऊन आले होते तुमच्याकडे."

"आता 'तू' का नाही म्हणत?" मी विचारलं. त्या वेळी एवढं एकच सुचलं.

"नाही जमत," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

जागा तिला मिळाली. पुस्तक दोन वर्षांनी निघालं, दोन नावांचं. मी आता आईच्याच शाळेत ग्रीक शिकवते, आईच्याच वर्गात, तिचीच खुर्ची. आईनं पुन्हा कधी डेअरीवालीचं नाव काढलं नाही, आणि मीही सांगितलं नाही की मी ते पुस्तक विकत घेऊन कपाटात मागे लपवून ठेवलंय.

त्यातल्या मेणाखालच्या आठ ओळी मी कितीदा वाचल्या असतील. सोलवटलेल्या खांद्यावर काय लावावं ते त्यात आहे. काही लावू नये, तो माणूस म्हणतो. आधी ओझं उतरवावं. तेक्लाचं भाषांतर फार चांगलं आहे, एक शब्दही हलवता येत नाही. मी हलवून पाहिलाय.

माझं नाव त्या पुस्तकात एकदाच येतं. एकोणिसाव्या टिपेत, तारखेसकट. बारा मार्चला ते मी बोलले असते तर तीच टीप मी फ्रेम करून भिंतीवर लावली असती. पण मला त्या तारखेचंही एवढं वाटत नाही. ती टीप लिहिताना तिला माझा हेवा शिवला नाही, साधा रागसुद्धा शिवला नाही. सगळा शोध गिळून टाकायची सोय तिच्या हातात होती, आणि तिनं तो उचलून मला दिला. मला ते जमलं नसतं. आजही जमणार नाही. आणि त्याचा मला अजून हेवा वाटतो.